परत न करायचं भांडं

हार्बिन
१२ ऑक्टोबर १९८५

वहिनी,

निंगला सर्दी झाली आहे. परवा शाळेतून आली ती शिंकतच. इथे हवा एका दिवसात बदलली. सकाळी स्वेटरवर बाहेर पडलेली माणसं संध्याकाळी कॉलरीत माना घालून घरी आली. आमच्या जिन्याखाली कोबीचे गड्डे रचून झालेत, खिडक्यांच्या फटींना कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या राहिल्यात, आणि त्याच फटीतून पोरीला वारा लागला असं माझं म्हणणं आहे. छंग-लू म्हणतो, खिडकीने काही होत नाही, कारखान्याच्या दवाखान्यातून गोळ्या आणतो. मी म्हटलं, थांब, वहिनीला विचारते.

तर काय देऊ ते लिही. घरात आलं आहे, पातीचा कांदा आहे, तू पाठवलेली संत्र्याची वाळलेली साल अजून डब्यात आहे.

तुझं भांडं फळीवरून काढलं. निंग विचारत होती, हे मामीचं आहे तर आपण परत का देत नाही? सात वर्षं झाली, मामी रागावली असेल. तेरा वर्षांची झाली तरी तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी सांगितलं की काढ्याचं भांडं मागून आणायचं असतं, पण परत नेऊन द्यायचं नसतं. परत नेऊन दिलं तर आपल्या घरचा आजार त्यांच्या दारात ठेवल्यासारखा होतो. ज्याचं असेल त्याने, त्याला लागेल तेव्हा, स्वतः येऊन न्यायचं. ती म्हणाली, "म्हणजे मामी यायलाच हवी." मी म्हटलं, तेच तर मी दर पत्रात लिहिते.

म्हणून पुन्हा लिहिते. ये ना यंदा. तुझं भांडं वाट बघतंय.

पेई-यून

*

शाओशिंग
२३ ऑक्टोबर १९८५

पेई-यून,

तुझं पत्र आठ दिवसांनी पोचलं. सर्दी सात दिवसांत बरी होते. माझं उत्तर पोचेल तेव्हा निंग शाळेत उड्या मारत असेल. तरी विचारलंस म्हणून लिहिते.

आधी एक सांग. माझ्या हाताखाली वाढलीस, औषधाच्या दुकानात काउंटरखाली बसून पाढे पाठ केलेस, आणि "सर्दी झाली, काय देऊ" असं लिहितेस? असं कुणी दुकानात येऊन म्हणालं तर मी त्याला जीभ दाखव म्हणते. थंडी वाजते की अंग तापतं? घाम येतो की नाही? नाकातून पाणी वाहतं की घट्ट पिवळं? घसा दुखतो का? जिभेवरचा थर पांढरा की पिवळा? यातलं काहीच न लिहिता कोबीचे गड्डे लिहिलेस.

अंगात शिरशिरी असेल, घाम नसेल, नाक पाण्यासारखं वाहत असेल, तर ती थंड वाऱ्याची सर्दी. आल्याचे तीन काप, पातीच्या कांद्याचे पांढरे बुंधे मुळांसकट पाच, जांभळी सू-पानं मूठभर, लाल साखर. एक उकळी आली की पुरे. झाकण ठेवूनच उकळायचं, या पानांचा वास उडाला की औषधही उडालं. प्यायल्यावर गोधडीत घालायचं आणि घाम येईपर्यंत बाहेर काढायचं नाही. घसा लाल असेल, तहान लागत असेल, तर ती गरम वाऱ्याची. तिला तुतीची पानं, शेवंतीची फुलं आणि शेवटी पुदिना. तिथे आलं दिलंस तर आगीत तेल.

दोन्हीत चूक होते ती याच टप्प्यावर. औषध सगळ्यांकडे असतं, कुठली सर्दी ते कळायला लागतं.

भांड्याचं म्हणशील तर राहू दे तिथेच. मी चहाच्या इनॅमलच्या मगात उकळते, लाल मासा रंगवलेल्या. एकट्या बाईला किती काढा लागतो?

आणि येण्याचं म्हणशील तर तू ये. वाट तेवढीच लांब आहे. पो-हानला जाऊन सात वर्षं होत आली. त्याच्या थडग्यावरचं गवत दर वसंतात मी एकटीच काढते. बहिणीने एकदा काढलं तर त्याला वाईट वाटणार नाही.

रुई-चन

*

हार्बिन
६ नोव्हेंबर १९८५

वहिनी,

बरोबर ओळखलंस. पत्र आलं तेव्हा निंग बर्फावर घसरगुंडी खेळत होती. ती थंड वाऱ्याचीच सर्दी होती, मी आलं आणि कांदाच दिला होता, म्हणजे काउंटरखाली बसून अगदीच वाया गेले नाही. सू-पानं इथे मिळाली नाहीत. पुढच्या वेळी जीभ, नाक, घाम सगळं लिहीन.

एक गंमत. काढ्याचा चोथा आपल्याकडे टाकतात तसा मी चौकात टाकला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली जाऊन आजार निघून जावा म्हणून. बर्फावर तो काळा चोथा दुरून दिसत होता. गल्ली समितीच्या बाई दारात आल्या. "कॉम्रेड, हा कचरा तुमचा?" मी म्हटलं, कचरा नाही, औषध आहे. "मग रस्त्याला काय झालंय?" छंग-लू आत बसून हसत होता. शेवटी त्यानेच फावडं घेऊन उचलला. म्हणाला, "आता तुमच्या गावच्या हिशेबाने निंगचा आजार मला." त्याला काही झालं नाही. त्याला कधीच काही होत नाही.

तुझं मगाचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं. त्याला फार लागलं. "तुझ्या वहिनी आख्ख्या गावाला औषध मोजून देतात, आणि स्वतः चहाच्या मगात उकळतात?" दोन दिवस तेच म्हणत होता.

येणं या वर्षी जमेलसं वाटत नाही. रजा शिल्लक नाही. निंगची मोठी परीक्षा आहे. पुढच्या वर्षी बघू. तू मोकळी आहेस, तूच ये.

पेई-यून

*

शाओशिंग
२१ नोव्हेंबर १९८५

पेई-यून,

दरवर्षी तुझी रजा शिल्लक नसते. तुमच्या कारखान्यात रजा कोण खातं ते एकदा विचार.

जावईबापूंना सांग, माझा मग चांगला आहे. फक्त त्याला झाकण नाही. बशी ठेवते ती उकळी आली की सरकते आणि वास घरभर होतो. पोस्टमन दारातून म्हणतो, "आज काय शिजतंय?"

सोबत सू-पानं पाठवली आहेत, कागदात घट्ट बांधून. ओलाव्यापासून सांभाळ.

इकडे पाऊस लागून राहिलाय. दारूच्या कारखान्यात नवा भात शिजायला लागला, कालव्याकडेने चालताना त्याची वाफ तोंडावर येते. पो-हान गेल्यापासून मी हे दिवस दुकानात जास्त वेळ बसून काढते. दुकानातही गर्दी आहे, हवा बदलली की अर्धं गाव जीभ बाहेर काढून उभं राहतं. मला संध्याकाळी थोडा खोकला येतो. विशेष नाही.

रुई-चन

*

हार्बिन
९ डिसेंबर १९८५

आदरणीय वहिनींना,

मी पत्र लिहितो याचं आश्चर्य वाटेल. पेई-यूनला सांगितलेलं नाही, तुम्हीही तिला एवढ्यात लिहू नका. मी कारखान्यात नकाशे काढणारा माणूस, मला गोड लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुमचं काढ्याचं भांडं आज पोस्टाच्या पार्सलने पाठवलं आहे. जुन्या गोधडीतला कापूस चारी बाजूंनी भरला आहे आणि उरलेल्या जागेत आमच्याकडच्या सूर्यफुलाच्या बिया, म्हणजे आदळआपट झाली तरी भांडं हलणार नाही आणि तुम्हाला खायलाही होतील. झाकण वेगळं गुंडाळून वर ठेवलं आहे. तुमचा खोकला झाकणाअभावी लांबू नये.

सात वर्षं दुसऱ्याची वस्तू घरात ठेवली याची मला लाज वाटते. आमच्या घरात मागून आणलेली वस्तू दुसऱ्या दिवशी परत जायची, तीही रिकामी नाही. पेई-यून या बाबतीत जरा विसराळू आहे. रागावू नका. तिच्यासाठी आम्ही इथून नवीन भांडं घेऊ. नव्या वर्षाला तुमच्या पत्रातून तिला कळेल की भांडं पोचलं, तेव्हा तिला किती बरं वाटेल याचा विचार करतो आहे.

आपला,
कुआन छंग-लू

*

हार्बिन
२७ फेब्रुवारी १९८६

वहिनी,

नवीन वर्ष येऊन गेलं आणि तुमचं पत्र आलं नाही. असं कधी झालं नव्हतं. मी दोन पत्रं पाठवली. मग परवा पार्सल आलं.

मी दार उघडलं तेव्हा मला वाटलं तुम्ही काही पाठवलंय. वर छंग-लूचं अक्षर बघून कळेना. त्यावर पोस्टाचा शिक्का, "घेणाऱ्याने नाकारलं", आणि आत तुमचं भांडं. दोरीची गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

फळीवर तिथे छंग-लूने दुसरं भांडं ठेवलं होतं. नवं, तसंच काळं. मी दोन महिने बघितलंच नाही, यंदा कुणी आजारी पडलं नाही म्हणून. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी सगळं सांगितलं, भांडं का पाठवत नाहीत ते. तो खुर्चीवर बसला आणि बराच वेळ कोट काढलाच नाही. म्हणाला, "सात वर्षांत मला कुणी सांगितलं नाही." खरंच आहे. निंगला सांगितलं, त्याला नाही. आपल्याला ज्या गोष्टी माहीत असतात त्या सगळ्यांना माहीत असतात असं आपण धरून चालतो.

तुम्ही नाकारलंत ते बरोबर केलंत. मी तुमच्या दारात आजार पाठवला असं समजू नका एवढंच सांगायचं होतं. पण पत्र लिहायला बसले आणि दुसरंच लिहावंसं वाटतंय. लिहून टाकते. मग तुम्ही पत्र पाठवलं नाहीत तरी मी समजेन.

दादा गेल्याची तार आली तेव्हा मी लिहिलं होतं की रजा मिळाली नाही. रजा मिळाली होती. साहेबांनी स्वतः कागदावर सही केली होती. मी सामान बांधलं आणि फळीवर तुमचं भांडं दिसलं. त्या वर्षी शरद ऋतूत आम्ही तुमच्याकडून निघालो तेव्हा निंग खोकत होती म्हणून तुम्ही ते माझ्या गाठोड्यात घातलं होतं, "गाडीतून उतरलीस की लगेच चूल पेटव" म्हणून. आणि हिवाळ्यात दादा आजारी पडला तेव्हा तुमच्या घरात काढ्याचं भांडं नव्हतं. लोखंडी कढईत औषध उकळलं की औषध मरतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मला वाटलं, मी दारात उभी राहिले की तुम्ही माझ्याकडे बघाल आणि तुमच्या मनात हेच येईल. मी सामान सोडलं. ती रजा मी घरात बसून काढली. छंग-लूला सांगितलं की निंगला ताप आहे.

तेव्हापासून मी तुम्हाला इकडे या म्हणते. तिकडे यायचं धाडस नाही, आणि तुम्ही भांडं न्यायला आलात तर मला वाटेल की तुम्ही मला माफ केलंत. आता भांडंही नाकारलंत.

छंग-लू माफी मागतो. बिया आम्ही खाल्ल्या. दोन्हीकडचा प्रवास करूनही कुरकुरीत होत्या.

पेई-यून

*

शाओशिंग
१२ मार्च १९८६

पेई-यून,

सबंध पत्रात मला तुम्ही-तुम्ही केलंस. उत्तरेत राहून शिकलीस वाटतं. पुन्हा असं लिहिलंस तर तेही पत्र नाकारीन.

आता एकेक सांगते. गोधडीत बसून लिहिते आहे, अक्षराकडे लक्ष देऊ नकोस.

मी आजारी होते. डिसेंबरच्या मध्यावर सर्दी झाली. शिरशिरी आली म्हणून मी आलं आणि कांदा घेतला, मगात, वर बशी ठेवून. दुसऱ्या दिवशी घसा लाल झाला, तहान लागली, तरी मी आलंच घेत राहिले. सर्दीने रात्रीतून रूप बदललं होतं आणि मी आरशात जीभ बघितली नाही. गावभरच्या जिभा बघते, स्वतःची बघायला कोण सांगणार? दुकानातले म्हातारे ल्यू वैद्य मला बघून म्हणाले, "रुई-चन, एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तू त्याला दुकानाबाहेर काढलं असतंस." मग छातीत उतरलं. दवाखान्यात न्यावं लागलं, सुया घ्याव्या लागल्या. दुकानातल्या मुली आळीपाळीने डबा आणायच्या. वसंताच्या सणाला घरी आले. तुला लिहिलं नाही, कारण लिहून तू काय केलं असतंस? आठ दिवसांनी वाचून आठ दिवस रडली असतीस.

पार्सल आलं तेव्हा मी तापात होते, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. पोस्टमनने चिठ्ठी वाचून दाखवली, "मातीचं भांडं, एक". त्याचंच तोंड पडलं. म्हणाला, "बाई, हे कुणी पाठवलं? म्हणूनच तुम्ही आजारी पडलात." मी म्हटलं, मी सहा दिवसांपासून आजारी आहे आणि पार्सल आज आलंय, तुमच्या पोस्टापेक्षा आजार लवकर येतो. तो म्हणाला, घेऊ नका. मी म्हटलं, घेतच नाहीये.

पण मी त्याच्या कारणाने नाही घेतलं. जावईबापूंचं पत्र आधीच आलं होतं. त्यांना प्रथा माहीत नाही हे मला त्यांच्या पहिल्याच ओळीत कळलं, रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. सूर्यफुलाच्या बिया हव्या होत्या खरं म्हणजे. पण भांडं उंबऱ्याच्या आत आलं असतं तर ते माझं मला मिळालं असतं. मग तुझ्याकडे माझं काय राहिलं असतं? तुझा भाऊ राहिला नाही. मला मूल नाही. त्या भांड्यामुळे तू मला ये म्हणतेस आणि मी येईन म्हणते. तेवढं एक चालू होतं. म्हणून म्हटलं, परत जाऊ दे.

तू त्याचा हा अर्थ काढशील असं वाटलं नाही. तापात सुचलं नाही.

आता पो-हानचं.

लोखंडी कढई कुणी सांगितली तुला? मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या ताओ काकूंचं भांडं मागून आणलं होतं. चांगलं जुनं, आत काळा थर धरलेलं. औषध नीट उकळलं. तो दोन दिवस प्यायला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, कडू आहे आणि मला बरं वाटतंय. पहाटे दारूच्या कारखान्यात कामावर गेला. भाताच्या वाफेत घामाघूम झाला आणि तसाच उघड्या अंगाने हौदाचं पाणी काढायला बाहेर आला. त्यानंतर नऊ दिवस. भांडं तुझ्याकडे असतं किंवा माझ्याकडे, तो तसाच बाहेर आला असता. तुला तुझा भाऊ माहीत आहे.

आणि तू ज्या गोष्टीने सात वर्षं सामान सोडून बसलीस तशी एक माझ्याकडेही आहे. त्या पहाटे तो निघाला तेव्हा मी त्याला अडवायला हवं होतं. मी दारात होते. मलाही दुकानात लवकर जायचं होतं, सर्दीचे दिवस, लोक ताटकळत असतात. मी एवढंच म्हटलं, "मफलर घे." त्याने घेतलाही नाही. बाकीच्या जगाला मी गोधडीत राहा सांगते, घाम येईपर्यंत उठू नका सांगते, आणि माझ्या माणसाला मफलर घे म्हटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता तुला सांगितलं, म्हणजे दोघींची वाटणी झाली. पुन्हा काढायचं नाही.

मगाचंही खरं सांगते. घरात भांडं नव्हतं असं नाही. ताओ काकू मुलाकडे हांगचौला राहायला गेल्या, त्यांचं भांडं न्यायला कधी आल्या नाहीत, आणि मला ते परत नेऊन देता येईना. पण त्यात पुन्हा काही उकळवेना. एका वसंतात मी त्यात माती घातली आणि पातीचा कांदा लावला. तो चांगला आलाय. सर्दीला लागतो तेवढा त्यातूनच काढते.

मेमध्ये दुकानातून सुट्टी घेते आणि येते. आजारी नाही, तरी येते. माझं भांडं बघायला.

रुई-चन

*

हार्बिन
२ जुलै १९८६

वहिनी,

सुखरूप पोचल्याची तार मिळाली.

तू गेल्यापासून घर मोठं झालंय. निंग तुझ्या जागी, खालून तापणाऱ्या विटांच्या ओट्यावर, झोपायला लागली. "हा ओटा म्हणजे तवा आहे, मला काय पोळी समजता?" हे तुझं वाक्य ती तुझ्याच आवाजात म्हणून दाखवते. छंग-लूचं तर विचारूच नकोस. त्याला जीभ बघायला शिकवलंस ते बरं केलं नाहीस. परवा कारखान्याच्या जेवणघरात त्याने साहेबांना जीभ काढायला लावली. म्हणाला, थर पिवळा आहे, आलं बंद करा. साहेबांनी ऐकलं, आणि त्यांचा घसा बरा झाला. आता आमच्या दारात माणसं यायला लागलीत. गल्ली समितीच्या बाईसुद्धा आल्या होत्या. त्या चोथ्याचं दोघांपैकी कुणी काढलं नाही.

तू होतीस त्या सव्वीस दिवसांत आपण दादाविषयी बोललो नाही. एकदाच, भाजी निवडताना, तू म्हणालीस की त्याला कोथिंबीर आवडायची नाही. मी म्हटलं, नाही आवडायची. मला तेवढं पुरलं.

आता एक भानगड. तू भांडं विसरलीस. स्टेशनवर निघताना मीच म्हणणार होते, पण मग वाटलं पिशवीत घेतलं असशील. घरी आलो तर ते फळीवरच. आणि दुसरी भानगड, त्याचं झाकण सापडत नाही. आम्ही ओट्याखाली, कोळशाच्या पेटीत, सगळीकडे शोधलं. छंग-लूला वाटतं त्याच्याकडून हरवलं, तो पुन्हा खुर्चीत कोटासकट बसायच्या बेतात आहे. जुलैत कोट नसतो एवढंच. सध्या वर बशी ठेवलीये. ती सरकते.

पेई-यून

*

शाओशिंग
१४ जुलै १९८६

पेई-यून,

जावईबापूंना सांग, निवांत बसा. झाकण माझ्याकडे आहे.

मी भांडं विसरले नाही. न्यायलाच आले होते, हातात घेतलंही होतं. तू स्टेशनवर जायला तयार होत होतीस तेव्हा. आत बघितलं तर तळाला तुम्ही सात वर्षं उकळलेल्या काढ्यांचा नवा थर बसलेला. निंगच्या सर्द्यांचा. ते आता माझं राहिलेलं नाही असं वाटलं, तुमचंही पूर्ण झालेलं नाही. ठेवून दिलं. पण रिकाम्या हाताने जायचं मनाला येईना, म्हणून झाकण पिशवीत टाकलं. मालकिणीने स्वतःचं झाकण न्यायला कुणाची मनाई मी तरी ऐकलेली नाही.

मगावर ते बरोबर बसतं. थोडं मोठं आहे, पण वास आत राहतो. पोस्टमन म्हणाला, "आज काही शिजत नाही वाटतं."

आता तुला झाकण लागेल. हवा बदलायच्या आत लागेल, सू-पानं बशीखाली उकळली तर पानं वाया. मी पार्सलने पाठवणार नाही, तेवढी अक्कल मला आहे. ज्याला लागेल त्याने यावं.

रुई-चन

*

हार्बिन
२० सप्टेंबर १९८६

वहिनी,

काल इथे पहिल्यांदा पेटीतून कोट काढावे लागले. निंग शिंकते आहे. घाम नाही, शिरशिरी आहे, नाक पाण्यासारखं, घसा दुखत नाही, जिभेवरचा थर पातळ आणि पांढरा. हे सगळं छंग-लूने बघून सांगितलं, मी फक्त लिहिते आहे. आलं, कांदा आणि शेवटची सू-पानं. बशी धरून उभं राहायचं काम त्याने घेतलंय. पोरगी त्याच्यावर सोपवून मी निघू शकते असं तो म्हणतो, आणि मला ते पटलंय.

रजा मागितली. मिळाली. या वेळी साहेबांची सही मी छंग-लूला दाखवली, निंगला दाखवली आणि आता तुलाही लिहून कळवते.

तिकीट एकोणतीस तारखेचं आहे, एक तारखेला दुपारपर्यंत पोचेन. घ्यायला येऊ नकोस, कालव्याकडेने येईन, वाट आठवते.

आधी आपण दादाकडे जाऊ. वसंत नाही, गवत काढायचा दिवस नाही, पण मला आधी तिथे जायचंय. मफलर घेऊन येते आहे, तुझ्यासाठी, उत्तरेचा, जाड. झाकणाचं नंतर बघू.

ताओ काकूंच्या भांड्यातला कांदा मी येईपर्यंत उपटू नकोस. मला तो बघायचा आहे.

पेई-यून